तिमोर-लेस्तेला जायचंय? मग किलोमीटर नका मोजू, तास मोजा

बालीला जाऊन आलेले लोक आता घरटी एक सापडतात, पण त्याच बालीहून विमानाने जेमतेम दोन तास पुढे एक अख्खा देश पडलाय आणि तिथे गेलेला दुसरा माणूस मला अजून भेटायचाय. तिमोर-लेस्ते. मलय भाषेत 'तिमुर' म्हणजे पूर्व आणि पोर्तुगीजमध्ये 'लेस्ते' म्हणजे पण पूर्वच, म्हणजे देशाचं नावच पूर्व-पूर्व. साधारण १५,००० चौरस किलोमीटर जागा, १३ लाखांच्या वर लोक, २००२ मध्ये स्वतंत्र झालेला आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये आसियानचा म्हणजे आग्नेय आशियाई देशांच्या संघटनेचा अकरावा सदस्य झालेला. डोंगर, कॉफी, प्रवाळ, रिकामे बीच सगळं आहे, फक्त 'पॅकेज' नाहीये, सगळं आपलं आपल्याला जुळवावं लागतं, म्हणून हे लिहितोय.

पहिली चूक मी केली ती तुम्ही करू नका. नकाशात देश एवढुसा दिसतो म्हणून मी पाच दिवसांत सगळं बसवलं होतं, आतावरो बेट, रामेलाव डोंगर, थेट पूर्व टोकाचं जाको, आणि वर दिली नावाचं राजधानीचं शहर. झालं काय, पूर्वेकडे जाताना भाड्याच्या गाडीचं टायर गेलं, स्टेपनीत हवाच नव्हती, आणि अर्धा दिवस एका झाडाखाली शहाळं पीत बसलो. जाको राहिलं ते राहिलंच, त्यासाठी परत जावं लागलं. तेव्हा कमीत कमी दहा दिवस हातात ठेवा आणि ते जमत नसेल तर एक भाग सरळ सोडून द्या, दिली आणि आतावरो एवढं केलं तरी ट्रिप वाया जात नाही.

कधी जायचं तर मे ते नोव्हेंबर, कोरडा सीझन. डिसेंबरनंतर पाऊस लागला की डोंगरातले रस्ते कधी बंद होतील सांगता येत नाही. समुद्रात व्हेल बघायचे असतील तर ऑक्टोबर-नोव्हेंबर, कारण दिली आणि आतावरोच्या मधला समुद्र भयंकर खोल आहे आणि ब्लू व्हेल तिथून जातात.

पोचायचं कसं? दिलीला विमानं मुख्यतः बाली, डार्विन आणि सिंगापूरहून. दिलीच्या एअरपोर्टवर व्हिसा ऑन अरायव्हल मिळतो, ३० दिवसांचा, ३० डॉलर, आणि ते रोख ठेवा. जमिनीवरून म्हणजे इंडोनेशियाच्या पश्चिम तिमोरातून बॉर्डर ओलांडून यायचा विचार असेल तर आधी परवानगी काढावी लागते, थेट जाऊन उभं राहायचं नाही. अजून एक, जो लोक विसरतात: बालीत एकदा एअरपोर्टच्या बाहेर पडून मग दिलीला गेलात तर परत येताना बालीत पुन्हा व्हिसा घ्यावा लागेल, कारण इंडोनेशियाचा ऑन अरायव्हल व्हिसा एकाच एन्ट्रीचा असतो. हा खर्च आधीच धरा. निघायच्या आधी नियम एकदा ताजे बघून घ्या, हे बदलत राहतात.

पैसा अमेरिकन डॉलर. नोटा अमेरिकेच्या पण सुटे पैसे त्यांचे स्वतःचे, सेंताव्हो म्हणतात. नोटा कोऱ्या आणि लहान न्या, फाटकी किंवा पेनाने काही लिहिलेली नोट कुणी घेत नाही, आणि खेड्यात ५० ची नोट काढलीत की दुकानदार ती तुम्हालाच परत देतो आणि हसतो. एटीएम दिलीत आहेत, बाहेर भरवसा ठेवू नका. कार्ड विसराच.

दिलीत फिरायला मिक्रोलेट. ही छोटी व्हॅन, बाहेरून रंगवलेली, आत दोन बाजूंना समोरासमोर बाकडी, आणि गाणी इतक्या जोरात की बाकड्यातून बास पाठीत येतो. गाडीवर नंबर असतो, तो बघून चढायचं. उतरायचं झालं की ओरडायचं नाही, कुणाला ऐकूच जाणार नाही, खिशातलं नाणं काढायचं आणि डोक्यावरच्या लोखंडी दांड्यावर टक टक वाजवायचं. त्या गोंगाटातही ड्रायव्हरला ती टकटक बरोबर ऐकू येते. मग उतरून तेच नाणं त्याच्या हातात द्यायचं, मी दिले तेव्हा २५ सेंताव्हो. पहिल्या दिवशी मी नाणं न वाजवता 'स्टॉप स्टॉप' करत दोन चौक पुढे गेलो, शेवटी शेजारच्या आजींनी माझ्यासाठी टकटक केलं आणि सगळी व्हॅन हसली.

दिली शहर म्हणजे समुद्राला लागून लांबट पसरलेलं, एका दिवसात संपतं असं लोक म्हणतात, पण दोन द्या. पूर्वेच्या टोकाला क्रिस्तो रेई, डोंगरावरचा २७ मीटर उंचीचा येशूचा पुतळा. इंडोनेशियाच्या काळात १९९६ मध्ये उभारला, आणि २७ मीटर का, तर पूर्व तिमोर म्हणजे हाच देश तेव्हा त्यांचा २७ वा प्रांत. पाचशेच्या वर पायऱ्या आहेत, पहाटे जा, आठनंतर ऊन डोकं फोडतं. खाली आरेया ब्रांका बीच, संध्याकाळी काठावर भाजलेले मासे आणि कातुपा म्हणजे माडाच्या पात्यांच्या विणलेल्या पुडीत शिजवलेला भात.

दुसरा दिवस इतिहासाला ठेवा, आणि हा भाग उरकून टाकू नका. डिसेंबर १९७५ मध्ये इंडोनेशियाने ताबा घेतला, मग २४ वर्षं. १२ नोव्हेंबर १९९१ ला सांता क्रूझ स्मशानभूमीत जमलेल्या लोकांवर सैन्याने गोळीबार केला, त्याचं चित्रीकरण बाहेर गेलं आणि जगाला हा देश माहीत झाला. ती स्मशानभूमी शहरातच आहे, रंगीत थडगी अगदी खेटून खेटून. रेझिस्टन्स म्युझियम बघा, आणि शहरातल्याच बालिदे भागातला जुना तुरुंग बघा, तिथे आता 'शेगा' नावाचं प्रदर्शन आहे, पोर्तुगीजमध्ये त्याचा अर्थ 'पुरे'. अंधारकोठड्या तशाच ठेवल्यात. ३० ऑगस्ट १९९९ च्या सार्वमतात ७८.५ टक्के लोकांनी स्वातंत्र्याला मत दिलं आणि त्यानंतर शहर जाळलं गेलं, हे वाचून बाहेर आलात की दिलीतल्या पडक्या भिंती वेगळ्या दिसायला लागतात. आणि विषय निघाला तर ऐका, स्वतःहून खोदून विचारू नका, पन्नाशीच्या वरच्या जवळपास प्रत्येक माणसाच्या घरातलं कुणीतरी त्यात गेलेलं आहे.

भाषा: तेतुम आणि पोर्तुगीज राजभाषा, इंडोनेशियन बऱ्याच जणांना येते, इंग्रजी तरुणांना थोडी. चार शब्द पाठ करा. सकाळी बोनदिया, दुपारी बोतार्दे, रात्री बोनोइते. आभार मानताना पुरुष असाल तर ओब्रिगादु, बाई असाल तर ओब्रिगादा. पोरं मागून 'मालाए, मालाए' ओरडतील, म्हणजे परदेशी, त्यात वाईट काही नाही, हात हलवा. शाकाहारी लोकांनी 'हाउ ला हान नाआन' पाठ करावं, म्हणजे मी मांस खात नाही, पण मग मासे येतील, म्हणून पाठोपाठ 'इकान' पण नको असं सांगा. खायला बातार दाआन मागा, मका, शेंगदाणे-कडधान्य आणि भोपळा एकत्र शिजवलेलं, पोटभरीचं. सोबत टोफू, टेम्पे, मोदो म्हणजे पालेभाजी, आणि आय-मानास ही मिरचीची चटणी, जी जरा जपूनच घ्या.

आता आतावरो. दिलीच्या समोर उत्तरेला साधारण २५ किलोमीटरवर. स्पीडबोटी आहेत, मोठी फेरी ठरावीक दिवशीच. शनिवारी बेटावरच्या बेलोई गावात बाजार भरतो, जमलं तर तो साधा, डोंगरातली माणसं खांद्यावर केळी, रताळी, वाळवलेले मासे घेऊन उतरतात. इथला प्रवाळ हा जगातल्या सगळ्यात जास्त माशांच्या जातींच्या प्रवाळांपैकी मानला जातो, २०१६ च्या पाहणीनंतर त्याचं नाव झालं. डायव्हिंग येत नसेल तरी काही बिघडत नाही, मास्क लावून किनाऱ्यावरून पोहत गेलं की थोड्याच अंतरावर समुद्राचा तळ एकदम तुटतो आणि खाली नुसता निळा अंधार, पोटात गोळा येतो पहिल्यांदा. पश्चिमेच्या अदारा गावातल्या बायका भाले घेऊन पाण्याखाली मासे मारतात, लाकूड कोरून त्यात काच बसवलेला घरगुती गॉगल लावून. बेलोईहून अदाराला डोंगर चढून चालत जाता येतं, जाताना चाला आणि येताना बोट करा, उलटं केलंत तर उन्हात चढ लागेल. मास्क स्वतःचा न्या, तिथले भाड्याचे गळतात.

पूर्वेकडे जायला गाडी करा, आणि माझा अनुभव बघता ड्रायव्हरसकट करा. रस्त्याची डावी बाजू आपल्यासारखीच, त्यामुळे चालवताना ती अडचण नाही, अडचण खड्ड्यांची, बकऱ्यांची आणि गॅरेज नसण्याची आहे. निघताना स्टेपनी आणि जॅक हाताने बघून घ्या, 'आहे आहे' वर विश्वास नको. बावकावपर्यंत रस्ता चांगला झालाय. तिथे एक रात्र राहा, गुलाबी रंगाची जुनी पोर्तुगीज पोझादा म्हणजे मुक्कामाचं हॉटेल आहे, झऱ्याच्या पाण्याचा सार्वजनिक स्विमिंग पूल आहे, आणि खाली उतरलं की वाताबो बीच. पुढे लोस्पालोस, तुतुआला, आणि तिथून वालू बीचवर उतरायचा शेवटचा आठेक किलोमीटरचा तुकडा, तो फोर बाय फोरशिवाय नकोच. वालूवरून कोळी लोक होडीने काही मिनिटांत जाको बेटावर सोडतात. दुसऱ्या वेळी मी गेलो तेव्हा अख्ख्या बेटावर आम्ही तिघं होतो. वाळू पांढरी, पाणी काचेसारखं, सावली कमी, म्हणून पाणी-खाणं बरोबर न्या. रात्री राहायला बंदी आहे, स्थानिक फातालुकू लोकांसाठी हे बेट पवित्र आहे, तिथे कुणी राहत नाही. परत न्यायची वेळ होडीवाल्याशी उतरायच्या आधीच पक्की करा. त्याच भागात जेरिमालाई नावाची गुहा आहे, तिथे माणसाने ४२,००० वर्षांपूर्वी खोल समुद्रातले ट्युना खाल्ल्याचे पुरावे मिळालेत.

मगरींचं मात्र सिरियसली घ्या. खाऱ्या पाण्यातली मगर इथे आहे, आणि लोककथेनुसार हे बेटच एका मगरीच्या पाठीचं झालंय, त्यामुळे लोक तिला 'आजोबा' म्हणतात. दक्षिण किनारा, नदीची मुखं, खारफुटी, इरा लालारो तलाव इथे पाण्यात पाय पण टाकायचा नाही. बाकी कुठेही आधी गावातल्याला विचारा, तो नको म्हणाला तर नको. भटक्या कुत्र्यांपासूनही लांब राहा, अलीकडे रेबीज आलाय. २०२५ मध्ये देश मलेरियामुक्त जाहीर झाला, पण डेंग्यू आहे, सो मच्छर क्रीम लागेलच.

शेवटचा भाग डोंगराचा. रामेलाव, जवळपास ३,००० मीटर, देशातला सगळ्यात उंच. दिलीहून माउबिसेमार्गे हातुबिलिको गावात मुक्काम करायचा, अंतर फार नाही पण दिवस जातो. पहाटे तीनच्या आसपास वाटाड्या घेऊन निघायचं, अडीच-तीन तास, आणि वर मेरीच्या पुतळ्यापाशी सूर्य उगवताना बघायचा. उष्ण कटिबंधातला देश म्हणून मी एक पातळ विंडचीटर नेलं होतं, वर दात वाजत होते, शेवटी वाटाड्याने आपला ताईश म्हणजे तिथलं हातमागाचं कापड माझ्या खांद्यावर टाकलं. जाकीट न्या. उतरताना कॉफीच्या बागा लागतात, १९२० च्या दशकात तिमोरमध्येच अराबिका आणि रोबस्टाचा आपोआप झालेला संकर सापडला, ज्याला तांबेरा रोग सहसा लागत नाही, आणि जगभरच्या कितीतरी जाती त्याच्यापासून पुढे काढल्या गेल्या. कॉफी घ्यायची ती गावातूनच घ्या, ताईश दिलीच्या ताईश मार्केटमधून, घासाघीस थोडीच करा, एक विणायला आठवडे जातात.

आणि एअरपोर्टला निघायच्या आधी खिसे तपासा. सेंताव्होची नाणी देशाबाहेर कुणी बदलून देत नाही, मी परत आलो तेव्हा माझ्याकडे सव्वाचार डॉलरची चिल्लर होती, सगळी मिक्रोलेटसाठी जपून ठेवलेली.