लॅपटॉप घरी ठेवून व्हिडिओ कॅमेऱ्यानं आकाशदर्शन: शिवारात या चुका टाळा

दुर्बिणीच्या आयपीसच्या, म्हणजे डोळा लावायच्या भिंगाच्या, जागी छोटासा व्हिडिओ कॅमेरा, त्यातून निघालेली एक वायर, सात इंची स्क्रीन आणि बारा व्होल्टची बॅटरी. एवढ्या सामानावर जिल्हा परिषद शाळेच्या मैदानात वर्गभर पोरांना मृगातला तेजोमेघ एकदम दाखवता येतो, तोही रंगात. आयपीसपुढे रांग नको, की एक डोळा मिटता येत नाही म्हणून आजीची अडचण नको. लॅपटॉप आखाड्यावर न्यायचा म्हणजे धूळ, दव, चार्जिंग आणि पोरांच्या धक्क्यांचा घोर. तो घरीच राहिलेला बरा.

पण संगणक नसला की चूक कुठं झाली हे सांगणारंही काही नसतं. कॅमेऱ्याच्या पाठीवरची पाच बटणं आणि स्क्रीनवर उमटणारा मेनू, हेच तुमचं सॉफ्टवेअर. खालच्या बहुतेक चुका या मेनूतल्या किंवा वायरीतल्या आहेत. आकाशाचा दोष क्वचितच असतो.

सीसीटीव्हीच्या दुकानातून काहीही उचलणं

या कामाचे बरेच कॅमेरे मुळात सीसीटीव्हीच्याच घराण्यातले. त्यामुळे वायर, बीएनसी जॉइंट, डीसी पिन हे सगळं लातूर-नांदेडलाच काय, तालुक्याच्या दुकानातही मिळतं. कॅमेरा घेताना मात्र सांभाळा. हल्लीचे सीसीटीव्ही कॅमेरे एएचडी, टीव्हीआय वगैरे पद्धतीचे असतात. त्यांची वायर जुन्या पद्धतीच्या स्क्रीनला जोडली तर पट्ट्या तरी दिसतात, नाहीतर काहीच दिसत नाही. तुमची स्क्रीन गाडीच्या रिव्हर्स कॅमेऱ्याची असेल तर कॅमेऱ्याचं आउटपुट सीव्हीबीएस, म्हणजे जुन्या पद्धतीचा साधा व्हिडिओ सिग्नल, हवं. आणि मेनूत 'सेन्स-अप', म्हणजे जास्त वेळ प्रकाश साठवायची सोय, आहे का, हे दुकानातच उघडून बघा. ते नसेल तर चंद्र आणि ग्रह दिसतील, तेजोमेघ विसरा.

पाल आणि एनटीएससी या व्हिडिओ सिग्नलच्या दोन पद्धती, हा दुसरा घोळ. आपल्याकडे पाल चालतं, परदेशातून मागवलेला कॅमेरा एनटीएससी असू शकतो. बहुतेक स्क्रीन दोन्ही ओळखतात, पण रेकॉर्डर ओळखेलच असं नाही.

पडदा काळा दिसला की दुर्बिणीशी झटापट

आधी पडदा निळा आहे की काळा, ते बघा. निळा असेल, 'नो सिग्नल' लिहून येत असेल, तर दोष वायर, पिन किंवा वीजपुरवठ्यात. काळा असेल आणि मेनू उमटत असेल, तर कॅमेरा जिवंत आहे. तो दुर्बिणीतून काढून टॉर्चच्या उजेडाकडे धरा. पडदा उजळला म्हणजे वायरीपासून स्क्रीनपर्यंत सगळं ठीक. आता संशय फोकसवर किंवा नेमावर. ही तपासणी मिनिटभराची आहे, पण ती न करता अर्धी रात्र स्क्रू पिळणारे खूप भेटतात.

रात्री पहिल्यांदा फोकस शोधणं

कॅमेऱ्याचा फोकस आयपीसच्या फोकसवर येत नाही. न्यूटोनियन, म्हणजे आरशाच्या, दुर्बिणीत तर तो बहुधा आणखी आत असतो, आणि पुढे अर्ध्या पटीचा फोकल रिड्यूसर (चित्र लहान करून जास्त आकाश दाखवणारं भिंग) लावला की अजून आत सरकतो. फोकसर शेवटपर्यंत आत जातो आणि तारा फुगलेलाच राहतो. हे अंधारात कळलं तर करण्यासारखं फार काही नसतं. दिवसाउजेडी, ऊन उतरल्यावर, किलोमीटर-दोन किलोमीटरवरच्या मोबाइल टॉवरवर किंवा देवळाच्या कळसावर फोकस येतो का, ते तपासा. सूर्य त्या बाजूला नको. टॉवरवर फोकस मिळाला तर ताऱ्यासाठी त्याहून जरासं आत जायला जागा उरली पाहिजे. उरत नसेल तर रिड्यूसर काढा, कमी उंचीचा अॅडॉप्टर लावा, किंवा मुख्य आरसा त्याच्या स्क्रूंनी थोडा पुढे घ्या. जमलेल्या जागी फोकसरच्या नळीवर मार्करनं खूण करून ठेवा.

रात्रीचा बारीक फोकस तेजस्वी ताऱ्यावर, सेन्स-अप बंद ठेवून करायचा. का, ते पुढे येतंय.

सेन्स-अप, गेन आणि डीएनआर एकदम वाढवणं

हा या साऱ्या प्रकाराचा गाभा, म्हणून इथं जरा थांबतो.

सेन्स-अप म्हणजे कॅमेऱ्यानं उघडझाप न करता किती वेळ प्रकाश साठवायचा, ते. पाल पद्धतीत सेकंदाला ५० फील्ड, म्हणजे अर्धी चित्रं. मेनूत ६४ पट निवडलं तर ६४ भागिले ५०, म्हणजे १.२८ सेकंद. २५६ पट म्हणजे ५.१२ सेकंद. काही कॅमेऱ्यांत १०२४ पटीपर्यंत सोय असते, तिथं २०.४८ सेकंद. हे गणित कागदावर लिहून बॅटरीच्या डब्याला चिकटवून टाका.

याचा अर्थ १०२४ पटीवर स्क्रीनवरचं चित्र वीस सेकंदांतून एकदाच बदलतं. दुर्बीण हलवली, चित्र हललं नाही. फोकस फिरवला, काही फरक नाही. माणूस म्हणतो कॅमेरा अडकला, आणि वायर उपटतो. कॅमेरा अडकलेला नसतो, मोजत बसलेला असतो. त्यावर थ्रीडी-डीएनआर, म्हणजे खरखर कमी करायची सोय, लावून पाच चित्रांची सरासरी मागितली असेल, तर चित्र पूर्ण बसायला शंभर सेकंद लागतात. तेवढ्यात दुर्बिणीला कोणाचा धक्का लागला की जुनं आणि नवं चित्र एकमेकांवर चढून भुतं दिसायला लागतात. वस्तू शोधताना सेन्स-अप कमी आणि डीएनआर बंद. वस्तू मधोमध आली, माउंट (दुर्बीण पेलणारा सांगाडा) स्थिर झाला, की मग दोन्ही वाढवा.

गेनचं उलट. मेनूत एजीसी नावानं असतो आणि वाढवला की लगेच काहीतरी दिसायला लागतं, म्हणून हात तिकडेच जातो. पण गेन नवा प्रकाश आणत नाही. आहे तो सिग्नल आणि त्याच्याबरोबर खरखरही मोठी करतो, म्हणून पडद्यावर मुंग्या धावतात. माझं मत असं की गेन मधल्या पायरीवर ठेवून आधी सेन्स-अपनं प्रकाश गोळा करावा, आणि अगदीच अडलं तर शेवटी गेनला हात घालावा. काही मॉडेलमध्ये एजीसी पूर्ण बंद केला की सेन्स-अप मेनूतून गायबच होतो, तेव्हा तो शून्यावर नेऊ नका. सेन्स-अपला 'ऑटो' आणि 'फिक्स' असे दोन पर्याय असतील तर 'फिक्स' घ्या. ऑटोमध्ये किती वेळ उघडं राहायचं ते कॅमेरा ठरवतो, आणि त्याला पार्किंगमधली गाडी ओळखायला शिकवलेलं असतं, तेजोमेघ नाही.

त्याच शिकवणीचे बाकीचे उपद्व्याप: 'डे-नाइट' ऑटोवर असेल तर अंधार पडताच कॅमेरा कृष्णधवल होतो आणि लोक रंग शोधत बसतात. तो 'कलर'वर पक्का करा. हेडलाइट झाकणारं एचएलसी चालू राहिलं तर ठळक ताऱ्याच्या मधोमध काळा ठिपका येतो. चित्र स्थिर करणारं डीआयएस चालू असेल तर तारे आपोआप इकडेतिकडे सरकतात. व्हाइट बॅलन्स ऑटोवर असला की दर चित्राला आकाशाची छटा बदलते. हे सगळं घरी, दिव्याखाली बसून बंद करा आणि मेनूतून 'सेव्ह' करूनच बाहेर पडा. नुसतं 'एक्झिट' केलं तर काही कॅमेरे पुन्हा जुन्यावर येतात.

चित्र किती छोटं आहे, हे विसरणं

एक-तृतीयांश इंची म्हणवला जाणारा सेन्सर प्रत्यक्षात ४.८ बाय ३.६ मिलिमीटरचा असतो. आठ इंची, १२०० मिलिमीटर नाभीय अंतराच्या दुर्बिणीवर तो आकाशाचा सुमारे १४ बाय १० कलांचा (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) तुकडा दाखवतो. चंद्रच ३० कलांचा. म्हणजे चंद्रही पडद्यात मावत नाही, आणि देवयानी दीर्घिका दाखवायला निघालात तर फक्त तिचा धूसर गाभा दिसणार. अर्ध्या पटीचा रिड्यूसर लावला की क्षेत्र दुप्पट रुंद होतं. तरी या कॅमेऱ्याला शोभतात त्या छोट्या वस्तू: स्वरमंडळातला एम ५७, शौरीतला एम १३ गुच्छ, वृषभेतला क्रॅब.

इतक्या छोट्या खिडकीत वस्तू आणायची तर फाइंडर, म्हणजे नेम धरायची छोटी दुर्बीण, सैल चालत नाही. संध्याकाळी टॉवरवर कॅमेरा लावूनच फाइंडर जुळवा. गो-टू, म्हणजे वस्तूकडे आपोआप वळणारा, माउंट असेल तर तारीख बघून भरा, बऱ्याच रिमोटमध्ये आधी महिना आणि मग दिवस असतो. वेळ-विभाग अधिक साडेपाच, आणि डेलाइट सेव्हिंग विचारलं तर 'नाही'. संगणक नसल्यामुळे आकाशाचा फोटो ओळखून दुर्बीण आपली आपण दुरुस्त करत नाही. जुळवणीचे तारे तुम्हीच कॅमेऱ्यात मधोमध आणायचे.

मोटार नसलेल्या डॉब्सोनियनवर दहा सेकंद

खगोलीय विषुववृत्ताजवळचा तारा सेकंदाला १५ विकला (विकला म्हणजे कलेचा साठावा भाग) सरकतो. वरच्याच दुर्बिणीत ते साधारण १४ पिक्सेल झाले. १६ पट सेन्स-अपमध्ये, म्हणजे ०.३२ सेकंदात, चारेक पिक्सेलची शेपूट येते, तेवढी चालते. त्यापुढे ताऱ्यांच्या काड्या होतात. साध्या डॉब्सोनियनवर, म्हणजे हातानं फिरवायच्या दुर्बिणीवर, चंद्र, गुरू, शनी आणि ठळक गुच्छ एवढ्यावर समाधान माना.

मोटारीचा अल्ट-अझिमथ (वर-खाली आणि डावी-उजवीकडे फिरणारा) माउंट मात्र या कामाला पुरतो. इक्वेटोरियल, म्हणजे ध्रुवताऱ्याच्या दिशेनं झुकवायचा माउंट, वाहून नेण्याचा सोस मला पटत नाही, आपल्या भागात तर मुळीच नाही. ध्रुवतारा इथं क्षितिजापासून अवघा १८ ते २० अंशांवर, म्हणजे लिंबाच्या झाडामागे, डोंगराआड किंवा धुरळ्यात. काही माउंट इतक्या कमी अक्षांशावर नीट झुकतही नाहीत आणि वजनाचा दांडा तिपाईला अडतो. अल्ट-अझिमथमध्ये चित्र हळूहळू गरगरतं हे खरं, पण वीस सेकंदांत ते जाणवतं फक्त डोक्यावरच्या पट्ट्यात. आपल्या अक्षांशावर कृत्तिका आणि क्रॅब नेमके तिथूनच जातात, म्हणून ते मध्यावर यायच्या तास-दीड तास आधी किंवा नंतर दाखवा.

सगळं एकाच बॅटरीवर लटकवणं

माउंटची मोटार, कॅमेरा आणि स्क्रीन एकाच बॅटरीला जोडले की पडद्यावर आडव्या पट्ट्या खालून वर सरकायला लागतात. स्वस्तातले पॉवर बँकचे बूस्टर लावले तरी तेच. माउंटला वेगळी बॅटरी दिली की हा त्रास बहुधा जातो. कॅमेरा आणि स्क्रीन मिळून पाऊण अँपिअर घेत असतील तर चार तासांत ३ अँपिअर-तास खर्च होतात. यूपीएसमधली ७ अँपिअर-तासांची बॅटरी निम्म्याच्या खाली उतरवायची नसते, म्हणजे तेवढ्यात रात्र संपली.

ट्रॅक्टर किंवा बोलेरोची बॅटरी वापरायची तर इंजिन बंद ठेवून. इंजिन चालू असताना व्होल्टेज १४ च्या वर जातं, आणि सगळ्या कॅमेऱ्यांना ते सोसत नाही. अडॅप्टर लावून विहिरीवरच्या लाईटवर भिस्त ठेवू नका. रात्रीच्या पाळीची थ्री-फेज आली की शिवारातल्या मोटारी एकदम सुरू होतात आणि व्होल्टेज खालीवर नाचतं. डीसी पिन जोडण्यापूर्वी मल्टिमीटरनं आतला भाग धन आहे ना, ते तपासा. उलटी पिन लागली तर कॅमेरा दुरुस्तीलाही उरत नाही.

दव, धूळ, उन्हाळा

डिसेंबर-जानेवारीत ज्वारीच्या रानात पहाटे दव पडतं, आणि परभणीकडची थंडी सगळ्यांना माहीत आहे. चित्र हळूहळू फिकट होत गेलं, ताऱ्यांभोवती वलय आलं, की गेन वाढवू नका, आधी आरसा किंवा भिंगावर टॉर्च मारून बघा. एप्रिल-मेची गोष्ट वेगळी. सीसीडी सेन्सरमध्ये उजेड नसतानाही वाहणारा करंट साधारण सहा-सात अंशांनी दुप्पट होतो, म्हणून जानेवारीत स्वच्छ असलेला कॅमेरा उन्हाळ्यात त्याच सेटिंगवर रंगीत ठिपके दाखवतो. सेन्स-अप निम्मं करा. मेनूत 'व्हाइट पिक्सेल' दुरुस्ती असेल तर दुर्बिणीचं झाकण लावून ती त्याच रात्री, त्याच तापमानाला चालवा.

अंड्यासारखा गुरू आणि दुसरी स्क्रीन

गुरू अंडाकृती दिसला की लोक आरशाची जुळवणी काढतात. गुरू ध्रुवांवर थोडा चपटा आहेच, पण इतका नाही. स्क्रीन १६:९ ची असते आणि चित्र ४:३ चं, ते ताणलं जातं. स्क्रीनच्या मेनूत ४:३ करा. उजेडही कमी करा, नाहीतर आकाश राखाडी दिसतं आणि बघणाऱ्यांचे डोळे दिपतात.

गर्दी जास्त म्हणून टी-जॉइंट लावून दुसरी स्क्रीन जोडली तर दोन्हीकडे चित्र मंद होतं, कारण प्रत्येक स्क्रीन ७५ ओहमचा भार टाकते. सीसीटीव्हीवाल्यांकडे व्हिडिओ स्प्लिटर मिळतो, तो घ्या.

रेकॉर्डिंगसाठी छोटा डीव्हीआर लावणार असाल तर त्यातलं 'मोशन डिटेक्शन' आधी बंद करा. पडद्यावर काही हललं तरच तो रेकॉर्ड करतो, आणि तेजोमेघ काही हलत नाही. शेवटी 'स्टॉप' दाबून, फाइल बंद झाल्याचं दिसल्यावरच वीज काढा. बॅटरीची पिन थेट ओढली तर त्या शेवटच्या फाइलचं बहुतेक वेळा काही उघडत नाही.