लिनक्सवर फाइलचा गट बदलायचाय? आधी लिंक ओळखा

पंचवटीत आमची चार-पाच जणांची मंडळी गोदावरीच्या पुराचे फोटो जमवते. दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी, छातीला पाणी, असे वर्षवार फोल्डर एका लिनक्स मशीनवर आहेत. 'चित्र' नावाच्या गटातल्या सगळ्यांना ते उघडता-बदलता यायला हवेत. नाहीतर 'परमिशन डिनाइड' दिसलं की मलाच फोन.

इथे आज्ञा उच्चाराप्रमाणे लिहिल्यात. टर्मिनलवर त्या इंग्रजी अक्षरांत टाइप करा, लहान-मोठं अक्षर सांभाळून.

आधी 'एलएस -एल' द्या. तिसऱ्या रकान्यात मालक, चौथ्यात गट. 'ग्रुप्स' दिलंत की तुम्ही कोणकोणत्या गटांत आहात ते कळतं. साध्या वापरकर्त्याला फक्त स्वतःच्या फाइलचा गट बदलता येतो, तोही तो स्वतः ज्या गटात आहे त्याच गटाकडे. बाकीच्याला सुडो लागतं, म्हणजे प्रशासकाच्या अधिकाराने आज्ञा चालवणं.

कोणाला गटात घ्यायचं तर 'सुडो यूजरमॉड -एजी चित्र' आणि पुढे त्याचं नाव. यातला ए लहान, जी मोठा. ए राहिला तर तो माणूस बाकीच्या जादा गटांतून बाहेर पडतो, सुडोच्या गटातूनसुद्धा! नंतर त्याला लॉगआउट करून परत यायला सांगा.

आता बदल: 'सीएचजीआरपी चित्र पूर२०१९.जेपीजी'. गटाला लिहिता यावं म्हणून 'सीएचएमओडी जी+डब्ल्यू' वेगळं द्यावं लागतं.

मी फसलो ते लिंकपाशी. लिंक म्हणजे इथे सिम्बॉलिक लिंक, दुसऱ्या फाइलकडे किंवा फोल्डरकडे नुसतं बोट दाखवणारी. 'ताजे' ही लिंक २०१९ च्या फोल्डरकडे नेते. 'सीएचजीआरपी चित्र ताजे' दिलं, लिंकचा गट जुनाच दिसला, म्हणून तीनदा दिलं. गट बदलला होता, पण मूळ फोल्डरचा. लिंकचाच बदलायचा तर लहान '-एच' लावा. मूळ फाइल उडालेली असेल तर त्याशिवाय एररच येतो. तसं पाहिलं तर लिंकच्या गटाने सहसा काही अडत नाही; परवानगी तपासली जाते ती मूळ फाइलची.

फोल्डर आणि त्याच्या आतल्या सगळ्यासाठी मोठा '-आर' लावला की मात्र चाल उलटते. वाटेत भेटलेल्या लिंकचा स्वतःचा गट बदलतो, मूळ वस्तूला हात लागत नाही. त्यामुळे '-आर' लावून 'ताजे' दिलंत तर फोल्डरातलं काहीच बदलत नाही. तिथे मोठे '-आरएच' द्या. मोठा '-एल' प्रत्येक लिंकमागे धावतो. एखादी लिंक सिस्टिमच्या फोल्डरात जात असेल आणि तुम्ही सुडोवर असाल, तर निस्तरता निस्तरता नाकी नऊ येतील.

रोजची कटकट नको असेल तर फोल्डरला 'सीएचएमओडी जी+एस' द्या, नव्या फाइलला आपोआप त्याचाच गट लागतो. 'सीपी'ने केलेल्या साध्या कॉपीलाही लागतो. 'एमव्ही'ने हलवलेली फाइल मात्र जुनाच गट घेऊन येते, तिला हातानेच बदला.