मुख्य लिपिकाचे वार्षिक उद्दिष्ट मोजता येईल असे लिहा
शाळेच्या मुख्य लिपिकाने ‘कार्यालयीन कामकाजात सुधारणा’ असे उद्दिष्ट लिहिले, तर ते साधले की नाही, हे वर्षअखेरीस त्यालाही सांगता येत नाही.

१. मागील लेखापरीक्षणात वारंवार निघालेला एकच आक्षेप निवडावा.

२. तो दूर करण्याच्या कामाला संख्या व मुदत जोडावी. उदाहरणार्थ, ‘२४ सेवापुस्तकांतील (कर्मचाऱ्यांच्या नोकरीच्या नोंदवह्यांतील) वार्षिक सेवा पडताळणीच्या नोंदी, आठवड्याला दोन याप्रमाणे, जुलैपासून १२ आठवड्यांत पूर्ण करणे’. (जूनमधील प्रवेश आणि मार्चमधील देयके पाहता, हे दोन महिने आपले नसतातच.)

३. मुख्याध्यापकांची स्वाक्षरी झाल्याशिवाय पुस्तक पूर्ण झाले असे मोजू नये.

मात्र वेतनेतर अनुदान (पगाराव्यतिरिक्तच्या खर्चासाठीचे सरकारी अनुदान) मिळण्यासारखी, आपल्या हाती नसलेली गोष्ट उद्दिष्टात घालू नये. त्यासाठीचा प्रस्ताव कोणत्या तारखेपर्यंत पाठवायचा, एवढेच लिहावे.