सड्यावरून आंबा उतरवताना न्यूट्रल नको

वळीव कधीही गाठेल म्हणून एप्रिलअखेर तोडणीची घाई सुरू होते, आणि याच घाईत ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या उलटतात. फोंडा घाटात, आंबा घाटात माणूस सावध असतो. घात होतो तो सड्यावरच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या पठारावरच्या, बागेतून वाडीत उतरणाऱ्या कच्च्या रस्त्यावर. कारण बहुतेक वेळा एकच: डिझेल वाचावं म्हणून गिअर काढून गाडी सोडलेली.

न्यूट्रल केलं की इंजिनाचा अडसर गेला, सगळा भार ब्रेकवर. आपल्याकडच्या बऱ्याच ट्रॉल्यांना तर स्वतःचे ब्रेकच नसतात. ट्रॅक्टर थांबू बघतो, भरलेली ट्रॉली मागून रेटते आणि वळणावर ट्रॅक्टर आडवा होतो. तेव्हा गिअर टाकू म्हटलं तरी वेगात तो पडत नाही. म्हणून उतार लागण्याआधी गाडी उभी करून खालचा गिअर टाका. भरली ट्रॉली ज्या गिअरमध्ये हा उतार चढली असती, त्याच्या वरचा नको. मध्येच क्लच दाबू नका, तेही न्यूट्रलच झालं. ब्रेक मारायचा तो वळणाच्या आधी, सरळ रस्त्यावर. जांभ्याचा बारीक खडा चाकाखाली नाचणीसारखा सरकतो.

निघण्यापूर्वी:
- ब्रेकची दोन्ही पेडलं कडीने जोडा. शेतात सुटी केलेली तशीच राहतात, मग एकाच चाकाला ब्रेक लागतो.
- हूकच्या पिनेला क्लिप, शिवाय साखळी.
- क्रेट ट्रॉलीच्या शेपटाला रचू नका, ट्रॉलीची पुढची दांडी उचलली की ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांची पकड जाते.
- चाकाला अडसर लावायला दोन लाकडी ठोकळे जवळ.
- ट्रॉलीवर माणूस बसवायचा नाही.

मायलेज वाढवणाऱ्या बाटल्या दुकानदार गळ्यात मारतील. त्याच पैशात ब्रेक तपासून घ्या, झिजलेली पिन बदला.

तोडणी नेहमीचीच: चौदा आणे तयार फळ (कृषी विद्यापीठाच्या भाषेत ८० ते ८५ टक्के), देठ राखून, झेल्याने (जाळी लावलेल्या काठीने), ऊन चढण्याआधी. क्रेट सावलीत.

चढणीवर येणाऱ्या गाडीला आधी वाट द्या, नियमही तोच आहे.

आता पावसाचं. दुपारी खारा (समुद्रावरचा) वारा पडला आणि सह्याद्रीच्या अंगाला ढग चढू लागले, तर माझ्या ठोकताळ्याने संध्याकाळची खेप रद्द. पहिल्या शिंतोड्यात धुळीचं बुळबुळीत सारवण होतं, जोराच्या सरीपेक्षा ते वाईट. व्यापारी फोन करीत राहील, करू दे. क्रेट मांगरात (बागेतल्या खोपटात) हवेशीर ठेवा आणि रस्ता सुकल्यावर सकाळी उतरवा.