देणगी कोणत्या कामाला द्यावी, हे कसं ठरवावं

वर्षाला किती द्यायचं, तो आकडा आधी घरात बसून ठरवा. तो ठरलेला असला की पावतीपुस्तक घेऊन दारात आलेल्या माणसापुढे संकोच वाटत नाही.

मग विषय निवडा, आणि दोनच निवडा

सोलापुरात विषय शोधायला लांब जावं लागत नाही. पूर्व भागात घरोघरी विड्या वळणाऱ्या बायका आहेत, यंत्रमागावर काम करणारी कुटुंबं आहेत. जिल्हाभर साखर कारखाने आहेत. हंगाम सुरू झाला की ऊसतोड मजुरांच्या मुलांची शाळा सुटते. सांगोला-मंगळवेढ्याकडे पाण्याचं काम आहे, बार्शीच्या कर्करोग रुग्णालयात येणारे रुग्ण आहेत, नान्नजचा माळढोक पक्षी आहे.

'सगळ्यांना थोडं थोडं द्यावं' हा सल्ला मला अजिबात मान्य नाही. ५०० रुपयांच्या २० पावत्या फाडल्या की १०,००० रुपये जातात, पण त्या वीसपैकी एकाही संस्थेला तुमच्या भरवशावर पुढच्या वर्षाचं काही ठरवता येत नाही. आईने विड्या वळून तुम्हाला शिकवलं असेल, तर तो विषय घ्यायला तेवढं कारण पुरे. विषय मनाच्या ओढीने निवडायला काहीच हरकत नाही. हिशेबीपणा लागतो तो पुढे.

कोणत्या खर्चाला द्यायचं ते शोधा

बहुतेक लोक नेमके इथे थांबतात, आणि मलाही सर्वांत जास्त वेळ इथेच लागला. संस्था प्रामाणिक आहे, काम चांगलं आहे, एवढं कळलं तरी आपल्या पैशाने काय बदलणार हे कळत नाही. मी आता एकच प्रश्न धरून बसतो: या कामातल्या कोणत्या खर्चाला देणगीदार मिळत नाही?

वसतिगृह घ्या. वाढदिवसाला केक घेऊन येणारे भरपूर असतात, १५ ऑगस्टला गोडाचं जेवण देणारे असतात, वह्या तर कपाटात मावत नाहीत. अधीक्षकाचा पगार, वीजबिल आणि रात्री आजारी पडलेल्या मुलाला दवाखान्यात न्यायचा रिक्षाखर्च मात्र कोणाच्याच नावाने होत नाही. चांगला अधीक्षक पगार वेळेवर मिळत नाही म्हणून सोडून गेला, तर त्या मुलांचं किती नुकसान होतं याचा विचार करा.

कर्करोगाचंही तसंच. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात. पण रेडिएशन आठवडेच्या आठवडे चालतं. सोबत आलेल्या नातेवाइकाने राहायचं कुठे, जेवायचं काय, बुडालेला रोज कोण भरून देणार? उपचार अर्धवट टाकून लोक गावी परततात ते याच खर्चांमुळे. इथे दिलेले थोडे पैसेही उपचार पूर्ण करायला कामी येतात.

पाण्याच्या कामात नव्या बंधाऱ्याला पैसे उभे राहतात, कारण त्यावर नावाची पाटी लागते. जुन्यातला गाळ काढायला कोणी पुढे येत नाही. आणि आषाढीला पंढरपूरच्या वाटेवर पंगती वाढायला अनेक हात असतात. ती सेवा मोठीच आहे. पण त्याच वाटेवरची शौचालयं स्वच्छ ठेवणाऱ्यांची मजुरीही कोणीतरी द्यायला हवी.

हे कळण्यासाठी संस्थेत कार्यक्रमाच्या दिवशी जाऊ नका, साध्या मंगळवारी जा. अध्यक्षांशी नव्हे, हिशेब सांभाळणाऱ्याशी किंवा स्वयंपाकघरातल्या मावशींशी बोला. सरळ विचारा, 'गेल्या वर्षी कोणतं बिल थकलं होतं?' काम माहीत असलेला माणूस याचं उत्तर लगेच देतो. प्रत्येक प्रश्नाला 'नवी इमारत व्हायची आहे' एवढंच उत्तर येत असेल, तर सावध व्हा. आणि मुलांना ओळीने उभं करून पाहुण्यांचे आभार मानायला लावणाऱ्या संस्थेला मी पैसे देत नाही, तिथलं बाकी काम कितीही चांगलं असलं तरी. मुलांचा मान राखणं हे वसतिगृहाचं पहिलं काम आहे.

'प्रशासकीय खर्च १० टक्क्यांच्या वर असेल तर देऊ नका' हेही सगळीकडे सांगतात. ही टक्केवारी डोळे झाकून लावू नका. समुपदेशन केंद्रात समुपदेशकाचा पगार वजा केला तर उरतं काय? बहुतेक कामं माणसं करतात आणि माणसांना पगार लागतो. पगाराला पैसे देणं कमी पुण्याचं, हा समज आपण आता सोडायला हवा.

कागद बघा

यात अवघड काही नाही. संस्था धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली आहे ना, विश्वस्त एकाच घरातले नाहीत ना, एवढं बघा आणि तीन वर्षांचे लेखापरीक्षण झालेले ताळेबंद मागा. त्यात मुदत ठेवींचा आकडा मोठा दिसला तर तुमच्या पैशांची गरज दुसरीकडे जास्त आहे. ताळेबंद दाखवायला टाळाटाळ झाली की विषय संपला.

करसवलत हवी असेल तर चेकने किंवा ऑनलाइन द्या. २,००० रुपयांच्या वरच्या रोख देणगीला ही सवलत नाही, कपडे-धान्यालाही नाही. नव्या करप्रणालीत तर ही सवलत मुळातच मिळत नाही. म्हणून केवळ कर वाचवायला मार्चअखेरीस घाईने पैसे देऊ नका. वसतिगृहाला खरी ओढाताण जूनमध्ये असते, शाळा सुरू होताना.

द्या, आणि टिका

पैसे देताना 'अमुकच वस्तू घ्या' अशी अट घालू नका. थकलेलं बिल भरायची मोकळीक त्यांना हवी. त्याच वेळी सांगा की पुढची ३ वर्षं एवढी रक्कम दरवर्षी जूनमध्ये येईल. अशा शब्दावर संस्था एखाद्या शिक्षिकेला किंवा परिचारिकेला कामावर ठेवू शकते. वर्ष झालं की पुन्हा जा आणि जे बिल थकलं होतं त्याचं काय झालं, तेवढंच विचारा. कारण न देता उत्तर टाळलं, तर ठरलेला आकडा तोच ठेवा आणि त्याच विषयातली दुसरी संस्था शोधा.