टस्कनीत ग्रॅव्हल सायकल: चढाची भीती सोडा, या चुका टाळा

इटलीतल्या टस्कनीला ग्रॅव्हल सायकल, म्हणजे कच्च्या रस्त्यांसाठीची जाड टायरची सायकल, न्यायचं ठरलं की आपल्याकडची तयारी चढाभोवती फिरत राहते. दर रविवारी सिंहगड, जमलं तर ताम्हिणी. पाय तयार होतात, ते बरंच आहे. पण तिथे दिवस फुकट जातो तो मातीमुळे, घड्याळामुळे आणि विमानातून आपटत आलेल्या सायकलमुळे. या तिन्हींचा सराव सिंहगडावर होत नाही.

खाली लिहिलंय ते मुख्यतः एका पट्ट्याबद्दल. सिएनाहून दक्षिणेला आर्बिया नदीच्या खोऱ्यातून ब्वॉनकॉन्व्हेंतो, तिथे आर्बिया ओम्ब्रोनेला मिळते. मग चढून मोंताल्चीनो, पलीकडे ओर्चा नदीकडे उतार आणि शेवटी ओम्ब्रोनेच्या मागे मागे ग्रोसेतो आणि मारेम्माचा समुद्रकिनारा. नदी, डोंगरावरची गावं आणि समुद्र, तिन्ही एकाच प्रवासात मिळतात, आणि प्रत्येक टप्प्यावरच्या चुका वेगळ्या असतात.

सगळे पांढरे रस्ते सारखेच समजणं

सगळ्यात महागात पडते ती हीच चूक. 'स्त्रादे ब्यांके' म्हणजे डांबर नसलेले पांढरे रस्ते. त्यांचं नाव जगभर झालं ते १९९७ मध्ये गायोले इन किआंतीत सुरू झालेल्या 'लेरोइका' या जुन्या सायकलींच्या फेरीमुळे आणि २००७ पासूनच्या 'स्त्रादे ब्यांके' याच नावाच्या व्यावसायिक शर्यतीमुळे. फोटोत सगळे रस्ते सारखेच दिसतात, पण सिएनाच्या उत्तरेचा आणि दक्षिणेचा रस्ता यांचा स्वभाव वेगळा आहे.

उत्तरेला किआंतीत जमीन दगडाळ आहे. पाणी लवकर निचरून जातं, पण खडे धारदार असतात आणि टायरची बाजू कापतात. दक्षिणेला क्रेते सेनेसीचा भाग आहे. लाखो वर्षांपूर्वी तो समुद्राचा तळ होता, त्यामुळे तिथे चिकणमाती आहे. कोरडी असताना ती सिमेंटसारखी कडक असते आणि सायकल सुसाट पळते. तासभर पाऊस झाला की तीच माती टायरला थर धरते, थरावर थर चढतो आणि फ्रेममधली फट भरून चाक फिरायचं थांबतं. कोकणात लाल मातीत सायकल चालवलेल्यांना वाटतं, चिखल आपल्याला काय नवा! पण हा चिखल पाण्यानेही पटकन सुटत नाही.

अडकलात तर पॅडल मारू नका. रेटून फिरवलं की मातीचा गोळा डिरेलरला (गिअर बदलताना चेन सरकवणारा भाग) ओढून स्पोकमध्ये घालतो आणि प्रवास तिथेच संपतो. उतरा, सायकल उचला आणि कडेच्या गवतावरून चाला. फ्रेम आणि टायरमधली माती काडीने किंवा टायर लिव्हरने (टायर काढायच्या पट्टीने) काढा. बाटलीतलं पाणी आधी चेन आणि डिरेलरवर घाला, बाकीची सायकल घाण राहू दे.

त्याहून चांगलं म्हणजे सकाळी निघतानाच वाट बदला. रात्री पाऊस पडला असेल तर मोंते सान्ते मारिएचा साडेअकरा किलोमीटरचा पट्टा त्या दिवशी विसरा. 'स्त्रादे ब्यांके' शर्यत तीनदा जिंकलेल्या कांचेलारा या सायकलपटूचं नाव या पट्ट्याला दिलंय, त्यामुळे फोटोसाठी तिथे जायचंच असं सगळ्यांचं ठरलेलं असतं. सिएना ते आशानो लौरेताना हा डांबरी रस्ता घ्या. दृश्यं तीच, टेकड्या त्याच. ऊन आणि वारा असेल तर दुसऱ्या दिवशी पांढरा रस्ता बहुतेक वेळा सायकल चालवण्याजोगा होतो. वेळ वाचवायला कास्सिया महामार्ग मात्र निवडू नका, तिथे ट्रकांची वर्दळ असते.

रस्ता नदीच्या किंवा ओढ्याच्या पात्रातून जात असेल तर एकच नियम: पाणी गढूळ असून तळ दिसत नसेल तर मागे फिरा. डोक्यावर ऊन असतानाही वरच्या बाजूला वादळ होऊन गेलेलं असू शकतं.

हवा भरताना रोडबाईकचा हिशोब लावणं

खडखडाट झाला की टायर 'मऊ' वाटतो म्हणून लोक हवा वाढवतात. उलट करा. ४० ते ४५ मिलिमीटरचा ट्यूबलेस टायर आणि सत्तर-पंच्याहत्तर किलोंचा स्वार असेल तर ३० ते ३५ पीएसआयपासून सुरुवात करा. सामान असेल तर मागच्या चाकात थोडी जास्त. उतारावर गाड्यांमुळे रस्ता पन्हाळी पत्र्यासारखा झालेला असतो. कडक टायर तिथे उड्या मारतो आणि ब्रेक लागतच नाही. अशा जागी वेग उताराच्या आधीच कमी करा, मध्येच करकचून ब्रेक दाबू नका.

कार्बन डायऑक्साइडचं काडतूस वापरून भरलेली हवा रात्रीतून उतरते, कारण तो वायू रबरातून लवकर झिरपतो. सकाळी बसलेला टायर पाहून पंक्चर शोधत बसू नका, आधी साधी हवा भरून बघा. मुळात विमानात काडतुसांवर निर्बंध असतात, त्यामुळे हातपंपच बरा.

पेटीतून सायकल काढून थेट निघणं

मुंबईहून रोम किंवा मिलान गाठेपर्यंत पेटी कितीदा आपटली जाते, ते आपल्याला दिसत नाही. म्हणून पहिल्या दिवशी लांबचा पल्ला ठेवू नका. सायकल जोडा, गावाबाहेर दहा किलोमीटर फिरा आणि मग खालची लक्षणं तपासा.

चेन सगळ्यात मोठ्या दातचक्रावर नेली की स्पोकला घासल्याचा आवाज येतो किंवा गिअर मधूनच उड्या मारतो? केबल पिळत बसू नका. बहुतेक वेळा डिरेलरचा हँगर, म्हणजे डिरेलर फ्रेमला जोडणारा छोटा तुकडा, वाकलेला असतो. तुमच्या फ्रेमला बसणारा एक जादा हँगर घरूनच न्या. तो प्रत्येक फ्रेमचा वेगळा असतो आणि छोट्या गावातल्या दुकानात मिळेल याची खात्री नाही.

चाक बसत नाही, ब्रेकचे पॅड एकमेकांना चिकटलेत? चाक काढलेलं असताना कोणीतरी ब्रेक दाबलाय. प्लास्टिकच्या टायर लिव्हरने पॅड हळूच फाकवा, स्क्रू ड्रायव्हर घालू नका. पुढच्या वेळी पॅडमध्ये पुठ्ठ्याची पट्टी ठेवून पेटी भरा. इलेक्ट्रॉनिक गिअर असतील तर बॅटरी काढून मगच सायकल पेटीत घाला, नाहीतर बटण दाबलं जाऊन ती रिकामी होते.

ब्रेक पॅडची एक जादा जोडी हवीच. ओल्या मातीत पॅड फार झपाट्याने झिजतात. आणि सायकल भाड्याची असेल तर कुठला लिव्हर कुठल्या चाकाचा, हे उभ्या उभ्या तपासा. आपल्या सवयीच्या उलट असू शकतं, आणि ते उतारावर कळणं बरं नाही.

किलोमीटर मोजणं, चढ न मोजणं

'रोज शंभर किलोमीटर' हा हिशोब इथे चालत नाही. ब्वॉनकॉन्व्हेंतो दीडशे मीटरच्या आसपास आहे, मोंताल्चीनो साडेपाचशेच्या वर. गावं टेकडीच्या माथ्यावर आणि नद्या तळाशी, त्यामुळे दिवसभर खाली-वर चालूच राहतं. ७० किलोमीटरला १,२०० मीटर चढ सहज होतो. चढ लांब नसतात, पण तुकडे उभे असतात. सैल खडीवर उभं राहून पॅडल मारलं की मागचं चाक जागीच फिरतं, म्हणून बसून, हलक्या गिअरवर चढायचं. पुढे ४० दात्यांची चकती आणि वर सामान, असं असेल तर तुम्ही ढकलत जाणार. पुढे ३४ आणि मागे ४२ दाते असले की जेवणानंतरही जमतं.

दुपारी दोनला दुकान शोधणं

छोट्या गावात किराणा दुकान एकच्या सुमाराला बंद होतं ते चार-साडेचारला उघडतं. जेवण साधारण साडेबारा ते अडीच, त्यानंतर स्वयंपाकघर बंद. रात्री साडेसातच्या आधी जेवण मिळणं अवघडच. म्हणजे दोन वाजता तुम्ही दमून टेकडीवर पोहोचलात तर समोर बंद दारं आणि एखादा बार. बारमध्ये कॉफी आणि कधीकधी पाव मिळतो, त्यावर समाधान मानायचं. बाराच्या आत खरेदी करून ठेवणं हा साधा उपाय.

शाकाहारी असाल तर 'पिची अल्लाल्योने' म्हणजे टोमॅटो-लसणाच्या रश्श्यातला जाड शेवयांचा प्रकार निर्धास्त मागवा. सुरुवातीला येणाऱ्या टोस्टवर मात्र कोंबडीचं यकृत असू शकतं, आधी विचारा. टस्कनीचा पाव अळणी असतो, त्यामुळे घाम गाळणाऱ्याने मिठाची सोय वेगळी करावी.

पाण्यासाठी गावातला नळ पाहा. 'आक्वा पोताबिले' असेल तर प्या, 'नॉन पोताबिले' असेल तर फक्त डोक्यावर ओता. कुठेच काही नसेल तर दफनभूमी शोधा, तिथे फुलांसाठी नळ असतो. पाटी मात्र तिथेही वाचा.

रिकाम्या रस्त्यावर डावीकडे सरकणं

शहरात आपण उजवीकडून चालायचं लक्षात ठेवतो. निर्मनुष्य पांढऱ्या रस्त्यावर तासाभराने जुनी सवय परत येते आणि आंधळ्या वळणावर आपण डाव्या बाजूला असतो. समोरून द्राक्षमळ्याचा ट्रॅक्टर येतो. अंधार पडल्यावर गावाबाहेर चमकणारं जॅकेट घालणं कायद्याने सक्तीचं आहे, बोगद्यात दिवसाही.

कुत्र्यांबाबतही आपली सवय घातक. आपण भटक्या कुत्र्यापुढे वेग वाढवतो. मेंढ्यांच्या कळपाबरोबरचा पांढरा मारेम्मानो कुत्रा राखण करतोय, पळणाऱ्याला तो संकट समजतो. उतरा, सायकल दोघांच्या मध्ये धरा, कळपापासून लांबून हळू चालत जा. शरद ऋतूत आणि हिवाळ्यात रानडुकरांच्या शिकारीच्या पाट्या दिसल्या तर भडक कपडे घाला आणि शक्यतो दुसरी वाट धरा.

किनारा म्हणजे आराम, असं धरून चालणं

मारेम्मात चढ संपतात आणि वारा सुरू होतो. दुपारी तो समुद्राकडून येतो, म्हणजे किनाऱ्याकडे जाणाऱ्याच्या तोंडावर. ग्रोसेतोचा सपाट पट्टा सकाळीच उरका. कास्तिलिओने देल्ला पेस्काया ते मारिना दि ग्रोसेतो पाइनच्या झाडीतून छान जाता येतं, पण वाळूचे तुकडे लागतात. वाळूत हँडल वळवू नका, वजन मागे आणि पाय फिरते ठेवा. संध्याकाळी मिठाची हवा आणि वाळू चेनवरून पुसून तेल द्या. डासांचं मलमही बाळगा. इथली दलदल उपसून काढेपर्यंत इथे मलेरिया मुक्कामाला होता. मलेरिया गेला, डास आहेत. उन्हाळ्यात मारेम्मा उद्यानाच्या काही वाटांवर आगीच्या धोक्यामुळे निर्बंध असतात, आदल्या दिवशी चौकशी करा.

परतीला ग्रोसेतोहून रोमकडे जाणारी प्रादेशिक गाडी घ्या. वेळापत्रकात सायकलचं चिन्ह असलेलीच निवडा आणि सायकलचं वेगळं तिकीट काढा. कागदी तिकीट गाडीत चढण्याआधी यंत्रात छापून घ्यावं लागतं, नाहीतर दंड होतो. अतिवेगवान गाड्यांत सुटी करून पिशवीत घातलेलीच सायकल चालते, तीही ठरवून दिलेल्या मापाच्या आत. आणि रुळांच्या कामामुळे गाडीऐवजी बस सोडली असेल तर त्या बसमध्ये सायकल घेत नाहीत, म्हणून विमानाच्या दिवशी सकाळच्या गाडीवर विसंबू नका, आदल्या दिवशीच रोम गाठा.