बेळगावहून इंग्लंडच्या वर्गात: शिकाऊ शिक्षकाने बस्तान कसं बसवावं

इंग्लंडमधला पीजीसीई, म्हणजे पदवीनंतरचा शिक्षक-प्रशिक्षणाचा अभ्यासक्रम, एका शैक्षणिक वर्षाचा असतो. त्यासोबत क्यूटीएस, म्हणजे शिक्षक म्हणून मान्यता, हवी असेल तर किमान 120 दिवस प्रत्यक्ष शाळेत काढावे लागतात, तेही किमान दोन शाळांत. सप्टेंबरात अभ्यासक्रम सुरू होतो आणि गावाची ओळख व्हायच्या आत तुम्ही वर्गात उभे असता. म्हणून निम्मी तयारी बेळगाव, खानापूर, निपाणीतच उरकायची.

आधी नाव जुळवा

सीमाभागातल्या उमेदवाराचं घोडं बहुधा नावावर अडतं. एसएसएलसीच्या, म्हणजे कर्नाटकातल्या दहावीच्या, गुणपत्रिकेवर वडिलांचं नाव नुसतं आद्याक्षरात, पदवीवर आडनाव आधी, आधारवर कन्नड उच्चाराप्रमाणे स्पेलिंग. त्यात गावाचं नाव अधिकृतपणे 1 नोव्हेंबर 2014 पासून बेलगामचं बेळगावी झालं, त्यामुळे जुन्या दाखल्यावर एक आणि पासपोर्टवर दुसरं. पासपोर्टवरचं नाव प्रमाण धरा, बाकी सगळी रूपं एकाच व्यक्तीची आहेत असं इंग्रजीत प्रतिज्ञापत्र करून नोटरी करा आणि पहिल्या अर्जापासून सोबत जोडा. जन्मदाखला फक्त कन्नडमध्ये असेल तर प्रमाणित इंग्रजी भाषांतर लागतं.

दुसरा प्रश्न दहावीच्या इंग्रजीचा. तिकडे इंग्रजी आणि गणितात जीसीएसईच्या (तिथल्या दहावीसारख्या शालेय परीक्षेच्या) चौथ्या श्रेणीची बरोबरी मागतात, प्राथमिकसाठी विज्ञानातही. मराठी माध्यमातल्या मुलाचं इंग्रजी दुसरी किंवा तिसरी भाषा म्हणून झालेलं असतं. ते चालेल की वेगळी परीक्षा द्यावी लागेल, हे विद्यापीठाला ईमेलने विचारून लेखी उत्तर घ्या. तोंडी उत्तरावर फी भरू नका.

पैसे कुठे ठेवलेत?

व्हिसासाठी राहणीखर्चाची रक्कम खात्यात सलग 28 दिवस दाखवावी लागते, आणि अर्जाच्या दिवशी त्या 28 दिवसांचा शेवट 31 दिवसांपेक्षा जुना नको. मधे एक दिवस जरी शिल्लक खाली गेली तरी अर्ज नाकारला जाऊ शकतो. आपल्याकडे घरचा पैसा पुष्कळदा पतसंस्थेत किंवा सौहार्द सहकारी संस्थेत असतो. त्यांचा दाखला घेऊन जाऊ नका. दोन महिने आधीच रक्कम राष्ट्रीयीकृत किंवा मोठ्या खासगी बँकेत वळवा. आई-वडिलांचं खातं चालतं, पण नात्याचा पुरावा आणि त्यांचं संमतीपत्र हवं.

क्षयरोगाची तपासणी ब्रिटनने मान्य केलेल्या केंद्रातच होते. बेळगावातल्या डॉक्टरांचं सर्टिफिकेट, कितीही मोठ्या डॉक्टरांचं असो, उपयोगाचं नाही. बेंगळुरू, मुंबईसारख्या शहरातलं मान्य केंद्र गाठावं लागतं. दाखला सहा महिने चालतो. मुलांसोबत काम करायचं असल्याने पासपोर्ट सेवेतून पोलीस क्लिअरन्सही काढा.

खोली

सराव-शाळा कुठली हे बऱ्याचदा उशिरा कळतं, आणि ती विद्यापीठापासून बसने तासाभरावर असू शकते. त्यामुळे विद्यापीठाला चिकटून खोली घेण्यापेक्षा रेल्वे किंवा बस स्थानकाजवळची बरी. खासगी घरमालक ब्रिटनमधला जामीनदार मागतात, तो आपल्याकडे नसतो, म्हणून पहिल्या वर्षी विद्यापीठाचं वसतिगृहच सोपं. खासगी खोली घेतलीच तर अनामत साधारणपणे पाच आठवड्यांच्या भाड्याहून जास्त घेता येत नाही, आणि ती 30 दिवसांत सरकारमान्य योजनेत जमा व्हावी लागते. पावती मागा.

कांदा-लसूण मसाला, मेतकूट खुशाल न्या, कुंदा नको. दुधाचे पदार्थ भारतातून तिथे नेता येत नाहीत. आणि फोडणी देताना खोलीचं दार लावून पंखा चालू ठेवा, नाहीतर धुराची घंटा वाजून अख्खी इमारत रस्त्यावर येते.

पहिले पंधरा दिवस शाळेत

पहिले काही दिवस बहुतेक निरीक्षणाचेच असतात. आपल्याकडचे विद्यार्थी तेव्हा विषयाच्या टिपणांनी वही भरतात. टिपायचं असतं दुसरंच: मुलं आत येताना शिक्षक कुठे उभा असतो, हजेरी कधी घेतो, वर्ग शांत करायला कोणते शब्द वापरतो, पहिली ताकीद कशी देतो. प्रत्येक शाळेचं वर्तन-धोरण लेखी असतं आणि त्यात ताकिदीच्या पायऱ्या ठरलेल्या असतात. तेच शब्द, त्याच क्रमाने वापरा. नवख्याचा वर्ग हातातून जातो तो बहुधा इथेच: तो दोन पायऱ्या गाळून एकदम आवाज चढवतो. मुलांना नियम पाठ असतात, ती तिथल्या तिथे हरकत घेतात आणि तास वादात जातो. आवाज चढवण्यापेक्षा बोलणं थांबवून ठरलेल्या जागी उभं राहणं जास्त चालतं.

पाठाचं टाचण मेंटॉरकडे, म्हणजे शाळेतल्या तुमच्या मार्गदर्शक शिक्षकाकडे, ठरल्या वेळेआधी द्या. आदल्या रात्री दिलेलं टाचण कोणी वाचत नाही. मेंटॉरला नावाने हाक मारायची असते. ‘मॅडम’, ‘सर’ म्हणत त्यांच्या प्रत्येक सूचनेला मान डोलावत राहिलात तर तुम्हाला काही अडचण नाही असाच अर्थ निघतो. ‘हा भाग जमत नाही, दाखवाल का?’ असं सरळ विचारा.

गणित शिकवणाऱ्यांनी एक सवय मोडावी. आपण गुणाकाराला ‘थ्री इंटू फोर’ म्हणतो. तिथे ‘थ्री इंटू ट्वेल्व्ह’ म्हणजे बाराला तीनने भाग. गुणाकाराला ‘टाइम्स’ म्हणा. लाख-कोटी नाहीत, स्वल्पविराम तीन-तीन अंकांवर.

मुलांची सुरक्षितता: इथे सूट नाही

डोक्यावर हात ठेवणं, पाठ थोपटणं टाळा. बंद खोलीत एका मुलासोबत एकटे बसू नका. स्वतःच्या फोनवर फोटो नको, समाजमाध्यमांवर मैत्री नको. मुलाने घरचं काही सांगितलं तर ‘कोणाला सांगणार नाही’ असं वचन देऊ नका, खोदून विचारू नका. त्याच्याच शब्दांत, वेळ घालून लिहा आणि त्याच दिवशी शाळेच्या बालसुरक्षा-प्रमुखाकडे द्या. ‘कीपिंग चिल्ड्रन सेफ इन एज्युकेशन’ या सरकारी दस्तऐवजाचा पहिला भाग सुरुवातीलाच वाचायला लावतात. जाण्याआधीच वाचून ठेवा, तो नेटवर फुकट आहे.

तुमची जमेची बाजू

इंग्लंडच्या शाळांत साधारण पाचांतल्या एका मुलाची घरची भाषा इंग्रजी नसते. घरी मराठी, गल्लीत कन्नड, कॉलेजात इंग्रजी अशा वातावरणात वाढलेल्याला ठाऊक असतं की गप्प बसलेलं मूल मठ्ठ नसतं, ते मनात वाक्य जुळवत असतं. प्रश्न विचारून पाच सेकंद थांबा, नवे शब्द चित्रासह फळ्यावर आधीच लिहा, उत्तराची अर्धी वाक्यं द्या. हे मेंटॉरला टाचणात लिहूनच दाखवा, नुसतं करून त्याच्या लक्षात येईल असं धरू नका.

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिथली घड्याळं तासभर मागे जातात आणि आपल्याशी अंतर साडेचारऐवजी साडेपाच तासांचं होतं. संध्याकाळी सातला केलेला फोन घरी मध्यरात्रीनंतर वाजतो, म्हणून शनिवार-रविवार सकाळ ठरवून टाका. दुसरी शाळा मिळाली की पहिल्या दिवशी तिथलं वर्तन-धोरण पुन्हा कोऱ्या वहीत उतरवा. पहिल्या शाळेतल्या ताकिदीचे शब्द तिथे चालतील असं नाही.